एनक्लेक्सचा रिझल्ट लवकर कसा बघायचा: पीव्हीटी, क्विक रिझल्ट्स आणि बोर्डाची साईट

परीक्षा संपवून बाहेर येतो, लॉकरमधून मोबाईल काढतो, ऑन करतो, आणि पहिला मेसेज काय असतो तर "पीव्हीटी केलीस का गं?" पेपर कसा गेला, जेवलीस का, काही नाही, डायरेक्ट पीव्हीटी, म्हणजे परत रजिस्ट्रेशन करायला घेऊन रिझल्ट ओळखायची ती पिअरसन व्ह्यू ट्रिक. माझं पण तेच झालं होतं. गुरुवारी सकाळी मुंबईत एनक्लेक्स-आरएन (अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळायला लागते ती परीक्षा) दिली, 85 व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली, रात्री बाबांबरोबर दादरहून महालक्ष्मी पकडली मिरजेला यायला आणि कल्याण गेल्यावर वरच्या बर्थवर बसून मोबाईलवर ती ट्रिक करायला घेतली. कर्जतला गाडीला मागून इंजिन लावतात तेवढ्या वेळात कार्डाचा नंबर टाकून झाला, बटण दाबलं, गाडी घाटात शिरली आणि नेटवर्क गेलं. ते गोल गोल फिरणारं चक्र आणि बाहेर बोगदा, मधेच उजेड, परत बोगदा. लोणावळ्याला नेट आलं तर स्क्रीनवर काय, पेमेंट डिक्लाईन्ड. आमच्या ग्रुपमधल्या ज्ञानाप्रमाणे याचा अर्थ सरळ होता, फेल. पुणे येईपर्यंत रडले, बाबांनी कर्जतला घेतलेला वडापाव तसाच कागदात गुंडाळलेला राहिला.

सोमवारी संध्याकाळी कळलं की पास आहे. आणि त्या रात्री कार्ड का नाकारलं गेलं तर बँकेच्या ॲपमधे इंटरनॅशनल व्यवहार बंदच होते. बस एवढंच. तीन दिवस मी एका बंद स्विचमुळे फेल होते.

म्हणून हे लिहितेय, आता ज्या नवीन मुली (आणि ब्रदर लोक पण) परीक्षेला बसतायत त्यांच्यासाठी. रिझल्ट लवकर बघायला काहीच हरकत नाही, सगळेच बघतात, फक्त कुठली गोष्ट कशाच्या लायकीची आहे ते आधी माहिती पाहिजे.

आधी हे समजून घ्या: रिझल्ट देतं कोण

एनक्लेक्स तयार करते एनसीएसबीएन, म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांनी मिळून केलेली संस्था. परीक्षा घेते पिअरसन व्ह्यू ही कंपनी, तिच्या सेंटरवर. आणि रिझल्ट जाहीर करतं तुम्ही जिथे फाईल, म्हणजे लायसन्सचा अर्ज, केलीये ते बोर्ड, न्यूयॉर्क असेल तर न्यूयॉर्क, टेक्सास असेल तर टेक्सास. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलची परीक्षा, कौन्सिलचाच रिझल्ट, कौन्सिलचंच रजिस्ट्रेशन असा एकाच खिडकीचा हिशेब डोक्यात बसलेला असतो, इथे तीन खिडक्या आहेत. त्यामुळे सेंटरवरच्या माणसाला "सर काहीतरी सांगा ना" म्हणून उपयोग नाही, त्याला खरंच काही माहिती नसतं.

मग कॉम्प्युटरला आधीच कळलेलं असतं तर लगेच का सांगत नाहीत? कारण पेपर दोनदा तपासला जातो, एकदा परीक्षा चालू असताना तिथल्या तिथे कॉम्प्युटर करतो आणि नंतर परत पिअरसनकडे पडताळणी होते, मग तो बोर्डाकडे जातो. बोर्डाचा ऑफिशियल रिझल्ट यायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात असं ते लोक स्वतःच सांगतात. सहा आठवडे कोण थांबणार, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पायरी 1: डेट बुक करतानाच रिझल्टचा विचार करा

हे कोणीच सांगत नाही आणि मला वाटतं सगळ्यात कामाचं हेच आहे.

क्विक रिझल्ट्स म्हणून पिअरसनची जी पैसे भरून लवकर रिझल्ट बघायची सोय आहे ती परीक्षेनंतर दोन कामाच्या दिवसांनी उघडते. कामाच्या, हे लक्षात घ्या. शनिवार-रविवार धरत नाहीत आणि दिवस मोजायचे ते अमेरिकेचे. सोमवारी किंवा मंगळवारी परीक्षा दिली की बुधवार-गुरुवारपर्यंत मोकळे. मी गुरुवारची घेतली कारण ड्युटी रोस्टरमधे तीच सुट्टी बसत होती, आणि मग शुक्रवार, शनिवार, रविवार असा तो लांबलचक वीकेंड काढला. ज्यांची परीक्षा शुक्रवारी त्यांचं तर मंगळवारवर जातं. अमेरिकेच्या सुट्ट्या पण बघून घ्या, 4 जुलै, नोव्हेंबरमधल्या चौथ्या गुरुवारचं थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस. आपल्याकडे गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या बघून तारीख ठरवतो ना, तसंच.

एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, तिची मुदत साधारण 90 दिवसांची असते (बोर्डाप्रमाणे कमी-जास्त) त्यामुळे हातात पर्याय असतात, पण शेवटच्या आठवड्यावर ढकललंत तर जो दिवस मिळेल तो घ्यावा लागतो. मुंबईच्या सेंटरच्या चांगल्या तारखा लवकर जातात.

दुसरं, तुमचं बोर्ड क्विक रिझल्ट्समधे सहभागी आहे का ते आधीच बघून ठेवा. सगळी बोर्डं नसतात. ही सोय अमेरिकेतल्या सहभागी बोर्डांपुरतीच आहे. एनक्लेक्स आता कॅनडासाठी पण लागते, 2015 पासून, आणि 2020 पासून बाहेर शिकलेल्या नर्सना ऑस्ट्रेलियासाठी पण, त्यामुळे हल्ली ग्रुपवर सगळ्या देशांची खिचडी असते. अमेरिकावालीनं सांगितलेली पद्धत ऑस्ट्रेलियावाली करायला जाते आणि लिंकच दिसत नाही म्हणून घाबरते. तुम्ही तुमच्या बोर्डाचं बघा.

तिसरं नाव. हे रिझल्टशी काय संबंध असं वाटेल, आहे. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं, कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर वडलांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं. परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो आणि रजिस्ट्रेशनवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे, नाहीतर आत घेत नाहीत आणि फी जाते ती वेगळीच. आणि पुढे लायसन्स शोधताना हेच नाव टाकायचं असतं. आमच्यातली एक दोन दिवस माहेरच्या आडनावाने साईटवर स्वतःला शोधत बसली होती, फाईल सासरच्या आडनावाने, सापडणार कशी.

चौथं कार्ड. आधी हे करा: बँकेचं ॲप उघडा, कार्ड सेटिंगमधे जा, इंटरनॅशनल आणि ऑनलाईन दोन्ही व्यवहार चालू आहेत का बघा. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात, बाहेरचे व्यवहार आपण सांगून चालू करायचे. फी भरताना चालू केलं असेल आणि नंतर बंद केलं असेल तर रिझल्टच्या दिवशी परत करायला विसरायला होतं. ते माझं झालंच सांगून.

पायरी 2: बाहेर आल्यावर प्रश्न मोजू नका

म्हणजे मोजाल, सगळे मोजतात, पण त्यातून काही निघत नाही.

1 एप्रिल 2023 पासून जी नवीन पद्धतीची एनक्लेक्स सुरू झाली तिच्यात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न येतात, वेळ पाच तास. त्या 85 मधले 15 प्रश्न मार्कांचे नसतातच, पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघत असतात, आणि कुठले 15 ते आपल्याला कळत नाही. कॉम्प्युटर तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड-सोपा करत जातो आणि तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात किंवा खाली आहात याची 95 टक्के खात्री झाली की थांबतो. वर किंवा खाली. 85 ला थांबला म्हणजे पास असं नाही, खात्रीने खाली आहात म्हणून पण 85 ला थांबतो. आणि 150 पर्यंत गेलात म्हणजे फेल असंही नाही, रेषेजवळ होतात म्हणून शेवटपर्यंत नेलं, एवढंच. आमच्या आयसीयूच्या एका सीनिअर सिस्टर 150 ला पास झाल्यात, सांगताना अजून अंगावर काटा येतो म्हणतात.

आणि सगळं चुकलं असं वाटणं हे तर या परीक्षेच्या रचनेतच आहे. तो तुम्हाला कायम तुमच्या कुवतीच्या टोकावरचे प्रश्न देतो, म्हणजे साधारण निम्मे चुकायचेच. शाळा-कॉलेजात आपण ऐंशी टक्के आल्यावर खूश होणारी माणसं, अर्धे चुकले की रडायलाच येतं. त्यामुळे "पेपर वाईट गेला" या भावनेला रिझल्ट समजू नका.

एक अजून, बाहेर पडल्या पडल्या "मला हे हे प्रश्न आले" असं ग्रुपवर टाकू नका. परीक्षेआधी आपण गोपनीयतेला होकार देऊन बसलेलो असतो. रिझल्ट अडकू शकतो, रद्द होऊ शकतो. उत्साहात सगळे टाईप करतात, नका करू.

पायरी 3: पीव्हीटी, म्हणजे ती प्रसिद्ध ट्रिक

पिअरसन व्ह्यू ट्रिक. कल्पना अशी: परीक्षा दिल्यावर काही तासांनी परत पिअरसनच्या साईटवर जायचं आणि जणू काही परत परीक्षेला बसायचंय असं नवीन रजिस्ट्रेशन करायला घ्यायचं. सगळी तीच माहिती भरायची, तेच बोर्ड, तीच परीक्षा. पास असाल तर सिस्टीम तुम्हाला परत नाव नोंदवू देणार नाही, तुमची या परीक्षेची नोंद आधीच आहे, आता दुसरी करता येणार नाही अशा अर्थाचा मेसेज येतो. याला म्हणतात गुड पॉप-अप. फेल असाल तर सिस्टीम म्हणते या, परत भरा, आणि पैसे घ्यायला निघते. तो बॅड पॉप-अप.

ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं आणि बऱ्याच जणींचं बरोबरही येतं, ते मी नाकारत नाही. पण गंमत कुठे आहे बघा.

एक, "तुमची नोंद आधीच आहे" हा मेसेज तुम्ही पास झालात म्हणून आलाय की तुमची आत्ताची परीक्षाच सिस्टीममधे अजून मिटलेली नाही म्हणून आलाय, हे बाहेरून ओळखायला मार्ग नाही. परीक्षेनंतर तासाभरात केलेल्या ट्रिकला तर काहीच अर्थ नाही. आमच्या बॅचच्या एकीने सेंटरच्या खाली चहाच्या टपरीवर उभं राहून केली, गुड पॉप-अप आला, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधे नोटीस पण देऊन टाकली. मग क्विक रिझल्टमधे फेल आलं. मेट्रनच्या पाया पडून नोटीस मागे घेतली, त्या चांगल्या होत्या म्हणून.

दोन, कार्ड. आधी असं सांगायचे की कार्डाच्या पानापर्यंत पोचायच्या आधीच मेसेज येतो. नंतर नंतर सगळ्या सांगायला लागल्या की कार्डाचे डिटेल्स भरून बटण दाबल्यावरच काय ते कळतं. स्क्रीन बदलत असतात, जुने स्क्रीनशॉट फिरत असतात. म्हणजे तुम्ही चालू कार्ड टाकलं आणि उत्तर बॅड असेल तर खरोखर 200 डॉलर जातात, वर भारतातल्या सेंटरसाठीचे 150 डॉलर तारीख घेताना परत वेगळे. ती रजिस्ट्रेशन फी परत मिळत नाही. हे टाळायला लोक मुदत संपलेलं कार्ड टाकतात किंवा मागचे तीन आकडे चुकीचे टाकतात. मग "कार्ड नाकारलं" असं आलं की समजायचं पैसे घ्यायला निघाला होता, म्हणजे फेल.

आणि इथेच आपल्याकडच्या लोकांची फजिती होते. भारतातलं कार्ड नाकारलं जायला फेल असायची गरजच नाही! इंटरनॅशनल बंद, लिमिट कमी, ओटीपी आला नाही, घाटात नेटवर्क गेलं, साईटने पत्त्याचा फॉर्मॅट नाही घेतला, शंभर कारणं. अमेरिकेत बसलेल्या मुलींनी बनवलेली ही ट्रिक, त्यांची कार्डं गपचूप चालतात, आपली नाही चालत. त्या व्हिडिओंमधे हे कोणी सांगत नाही.

तीन, तुमचा रिझल्ट काही कारणाने होल्डवर असेल, म्हणजे ओळख पडताळणीचं काही राहिलं किंवा सेंटरवर काही घडलं, तर ट्रिक काय दाखवेल ते रामभरोसे. होल्ड म्हणजे फेल नव्हे.

एनसीएसबीएन आणि पिअरसन दोघंही ही ट्रिक मानत नाहीत, तिच्यावर विसंबू नका असंच त्यांचं म्हणणं आहे. करायचीच असेल तर माझं म्हणणं एवढंच: निदान रात्र जाऊ द्या, घरच्या वायफायवर करा, जे कार्ड चालूच शकत नाही असंच वापरा, आणि जे दिसेल ते कोणाला फोन करून सांगू नका, सासूबाईंना तर अजिबात नाही. एकदाच करा. दर दोन तासांनी करणाऱ्या मुली बघितल्यात मी, एकदा गुड, एकदा बॅड, एकदा साईटच बंद, रात्रभर झोप नाही, सकाळी ड्युटीवर हँडओव्हर घेताना डोळे लाल.

मी परत परीक्षा दिली तर करेन का? नाही करणार. 

पायरी 4: क्विक रिझल्ट्स, खरा लवकरचा मार्ग

7.95 डॉलर. आपले साधारण सातशे-आठशे रुपये धरा, बँकेचं चलन बदलायचं मार्कअप वगैरे पकडून. ट्रिकच्या नादात जेवढी झोप जाते त्यापुढे हे काहीच नाही.

कसं करायचं: ज्या अकाऊंटवरून परीक्षा बुक केली त्याच पिअरसन व्ह्यूच्या एनक्लेक्स अकाऊंटला लॉगिन करा. पासवर्ड आधीच तपासून ठेवा, ऐनवेळी पासवर्ड रीसेट करायला गेलं की मेल स्पॅममधे जाऊन बसतो. आत गेल्यावर तुमच्या झालेल्या परीक्षेच्या नोंदीपाशी क्विक रिझल्ट्सची लिंक दिसते, म्हणजे तयार असेल तरच दिसते. लिंक नसेल तर रिझल्ट अजून आलेला नाही किंवा तुमचं बोर्ड यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. फेल झाल्यावर लिंक येत नाही असं काहीजणी सांगतात, चूक आहे, फेलवाल्यांना पण लिंक येते आणि पैसे पण द्यावे लागतात.

वेळेचं गणित. दोन कामाचे दिवस म्हणजे घड्याळ लावून अठ्ठेचाळीस तासांनी, मिनिटावर उघडेल असं धरू नका. अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, न्यूयॉर्कमधे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणून त्या दिवशी दुपारपासून रिफ्रेश मारत बसण्यात अर्थ नाही. मी सोमवारी दुपारी तीन वेळा बघितलं, काही नाही. मग आईने मेथी निवडायला बसवलं, बोटं हिरवी झाली, साडेसात-पावणेआठला सहज उघडलं तर लिंक आलेली. आणि माझं कार्ड? तेच, नाकारलं. शेवटी चुलतभावाचं कार्ड घेतलं, त्याला फोनवर ओटीपी विचारला, त्याने आधी "कशाचा गं ओटीपी, कुणाला दिलास का नंबर" म्हणून पाच मिनिटं चौकशी केली. दुसऱ्याचं कार्ड चालतं, अडचण नाही, फक्त तो माणूस फोन उचलणारा पाहिजे.

पैसे गेल्यावर स्क्रीनवर फक्त एक शब्द. पास किंवा फेल. मार्क नाहीत, टक्के नाहीत, किती वरून पास झालात काही नाही. एनक्लेक्सला मार्क नसतातच, त्यामुळे "किती पडले" विचारणाऱ्या नातेवाईकांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा. माझ्या मावशीला अजून वाटतं मी लपवतेय.

हा रिझल्ट पण अनऑफिशियलच असतो, यावर नोकरी करता येत नाही, कुठल्या एजन्सीला हा पुरावा म्हणून चालत नाही. पण निकाल आलाय तो सिस्टीममधूनच, ट्रिकसारखा अंदाज नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा आठवण म्हणून. यावर पेढे वाटायला हरकत नाही, नोटीस मात्र अजून नको, पुढे वाचा.

पायरी 5: बोर्डाची साईट आणि नर्सिस

हा मार्ग फुकट आहे आणि कधी कधी क्विक रिझल्ट्सच्या आधीसुद्धा लागतो, तरी लोक विसरतात.

बोर्डाने लायसन्स दिलं की तुमचं नाव आणि लायसन्स नंबर त्यांच्या साईटवर येतो, कोणीही बघू शकतं, पैसे नाहीत, लॉगिन नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणींची फाईल न्यूयॉर्कची असते कारण तिथे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसताना अर्ज करता येतो, तर न्यूयॉर्कचं काम त्यांच्या शिक्षण खात्याच्या ऑफिस ऑफ द प्रोफेशन्सच्या साईटवर चालतं, तिथे व्हेरिफिकेशन सर्चमधे प्रोफेशन रजिस्टर्ड प्रोफेशनल नर्स निवडायचं आणि नाव टाकायचं. इथे पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावांनी शोधलं तर आता अमेरिकेत पण चांगली यादी निघते, त्यात स्वतःला ओळखायला पूर्ण नाव लागतं. आधी आडनाव मग नाव, हे उलट करून बघा, मधलं नाव टाकून आणि न टाकता बघा. पासपोर्टमधे गिव्हन नेमच्या रकान्यात तुमचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं ना, ते त्यांच्याकडे कसंही तुटतं.

बाकी राज्यांसाठी नर्सिस नावाची साईट आहे, एनसीएसबीएनचीच, तिथे क्विककन्फर्म मधे नावाने फुकट शोधता येतं, सहभागी बोर्डांची माहिती तिथे एकत्र दिसते. लायसन्स मिळाल्यावर त्याच साईटवर ई-नोटिफायला नाव नोंदवून ठेवा, तेही फुकट, लायसन्समधे काही बदल झाला किंवा रिन्यूअल आलं की मेल येतो.

आता महत्त्वाचं: नाव दिसलं म्हणजे पास, नक्की. पण नाव दिसलं नाही म्हणजे फेल, असं अजिबात नाही. बोर्डाकडे तुमचा दुसरा कुठला कागद राहिला असेल, कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन पोचलं नसेल, फी राहिली असेल, तर पास असूनही लायसन्स थांबतं. आपल्याकडून कौन्सिलचे कागद जायला लागणारा वेळ तुम्हाला माहितीच आहे, त्यावर वेगळं काय बोलू. क्विक रिझल्टमधे पास आणि तीन आठवडे झाले तरी साईटवर नाव नाही असं असेल तर बोर्डाला साधा, सरळ मेल टाका, पूर्ण नाव, जन्मतारीख, परीक्षेची तारीख, काय राहिलंय ते कळवा म्हणून.

लायसन्स नंबर दिसला की मग काय ते पुढचं. तरी सांगते, नोकरी सोडू नका लगेच. लायसन्सनंतर व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारी कागदपत्रांची तपासणी) आहे, इंग्रजीची परीक्षा आहे, एम्प्लॉयर आहे, आणि व्हिसाच्या तारखेची रांग आहे जी कधी पुढे सरकेल ते कोणाच्या हातात नाही. माझ्या ओळखीत लायसन्स हातात असून इकडेच नाईट ड्युटी करणाऱ्या कितीतरी आहेत.

मधेच एक: "आम्ही रिझल्ट आधी सांगतो" वाले

टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर मेसेज येतात. बोर्डात आमचा माणूस आहे, रिझल्ट आजच सांगतो, पाच हजार द्या. फेल असेल तर पास करून देतो, दीड लाख द्या. कोणाचाही माणूस नाहीये तिथे. आणि काहीजण पैसे न मागता फक्त लॉगिन मागतात, "तुझ्यासाठी ट्रिक करून देतो", ते तर त्याहून वाईट, कारण त्या अकाऊंटमधे तुमचा पासपोर्टवरचा सगळा तपशील आहे. एजन्सीच्या माणसाला सुद्धा पासवर्ड देऊ नका. क्विक रिझल्टच्या किमतीत दोन प्लेट बिर्याणी येते, तेवढ्यासाठी कशाला.

फेल आलं तर

येतं. हुशार मुलींना पण येतं. त्या दिवशी काही करू नका.

मग बोर्डाकडून सीपीआर येतो, कॅन्डिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट, हा फक्त फेल झालेल्यांना मिळतो आणि तो नीट वाचायचा. त्यात विषयवार लिहिलेलं असतं की तुम्ही पासच्या रेषेच्या वर होतात, जवळ होतात की खाली. बऱ्याच जणी तो न उघडताच परत पहिल्यापासून सगळं वाचायला घेतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीला फार्मॅकॉलॉजीमधे वर आलं होतं आणि मॅनेजमेंट ऑफ केअरमधे खाली. आता ती दहा वर्षं वॉर्ड चालवणारी, तिला ते पटेचना. पण तिथे विचारतात ते आपल्या वॉर्डसारखं नसतं, कुठलं काम कोणाला सोपवायचं, एलपीएनला (तिकडची आरएनच्या खालची नर्स) काय देता येतं, असिस्टंटला काय नाही. आपल्याकडे वॉर्डमधल्या मावशी सगळंच करतात, डोक्यात तेच बसलंय. तिने दीड महिना फक्त तेवढं केलं आणि दुसऱ्या वेळी निघाली.

दोन परीक्षांमधे कमीत कमी 45 दिवस जावे लागतात, एनसीएसबीएनच्या नियमाने वर्षात आठ वेळा बसता येतं, पण काही बोर्डांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. परत बसायला बोर्डाकडे पण कळवायचं असतं आणि पिअरसनकडे परत 200 डॉलर भरायचे, मग नवीन एटीटी. आमच्यातल्या जिचे ट्रिक करताना खरंच पैसे कापले गेले होते ती म्हणाली, चला, पुढचं रजिस्ट्रेशन तरी झालं.

आणि हो, ज्याने कुठल्या मार्गाने का होईना रिझल्ट बघितला, त्याने बँकेच्या ॲपमधे जाऊन कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार परत बंद करून टाका. माझ्या चुलतभावाने आठवण केली तेव्हा सुचलं, त्याचं कार्ड तोपर्यंत आठ दिवस उघडंच होतं.